सोलणी

“दर वर्षी आमचीच सालं निघतात. ह्या मोठ्या सरांची कधी कुणी काढलीत का?”

लेक्चरर कात्री तिच्या अगदी मानेमागे पुटपुटला. तिने खुर्ची वीतभर पुढे ओढली, म्हणजे ऐकू आलं नाही असं दाखवायची सोय झाली. पण त्याला ते ऐकवायचंच होतं. त्याने बुटाचं टोक तिच्या खुर्चीच्या पायाला टेकवलं आणि पुन्हा म्हणाला, “तुम्हालाच विचारतोय, मॅडम. तुम्ही तर घरच्या.”

“घरच्यांची रोजच निघतात,” ती मागे न वळता म्हणाली. “तुमची वर्षातून एकदा. सोसा.”

कुणीतरी उठून पडदे ओढले. सेमिनार रूममध्ये अर्धवट अंधार झाला आणि लोक आपापल्या चहाचे कप खुर्चीखाली सरकवू लागले.

मेंदूविकारांच्या प्राध्यापकांचं वार्षिक अधिवेशन पुढच्या आठवड्यात होतं. तिथे ज्याला तोंड उघडायचंय त्याने आधी इथे, आपल्या माणसांपुढे उघडून दाखवायचं, ही मोठ्या सरांनी विभागप्रमुख झाल्या झाल्या पाडलेली पद्धत. सूचना फलकावर तिला ‘पूर्वतयारी’ म्हणत. बाकी सगळे सोलणी म्हणत. तिचे नियमही सरांचेच. बोलणाऱ्याने उलट उत्तर द्यायचं नाही, आणि खोलीतल्या प्रत्येकाने एक तरी खोट काढायचीच. ‘छान झालं’ म्हणणाऱ्याला सर दार दाखवत. छान म्हणायला घरी आई असते, असं त्यांचं म्हणणं.

त्यांची आई आता नव्हती, आणि हे वाक्य ते अजून म्हणत. ते ऐकलं की तिला दर वेळी खाली बघावं लागे. कारण ती आई तिचीही होती. मोठे सर तिचे सख्खे भाऊ. विभागात त्यांच्या खालची खुर्ची तिची, म्हणून ती धाकट्या मॅडम. दोघांचं इतकं सख्य होतं, की चुकून एका लिफ्टमध्ये सापडले तर मजला येईपर्यंत दोघंही लिफ्टच्या पंख्याकडे बघत.

पहिला नंबर कात्रीचा लागला. दुसऱ्याचा निबंध हातात आला की निम्मा कापूनच परत करायची सवय, त्यावरून पडलेलं नाव. माणूस हुशार, आणि आपण हुशार आहोत हे त्याला जरा लवकर कळलेलं. तो डोकेदुखीवर बोलला. बरं बोलला. सरांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाले, “तुम्ही बोलायला लागल्यावर हॉलमध्ये जेवढ्यांचं डोकं दुखेल, तेवढे रुग्ण तुमच्या अभ्यासात मिळवून घ्या. आकडा जरा भरीव दिसेल.”

लोक हसले. तीही हसली, आणि तिची पाळी आल्यावर तिने त्याचा निष्कर्ष त्याच्याच तक्त्याने खोटा पाडला. ह्या एका बाबतीत भाऊ-बहिणीचं एकमत असे. कात्री जागेवर येऊन बसला तेव्हा त्याचा श्वास तिच्या केसांना लागत होता.

मग सर उठले.

यंदाचं मानाचं व्याख्यान त्यांचं होतं. ते एका माणसाला एकदाच मिळतं, आणि कित्येकांना त्याआधी निवृत्तीचा नारळच मिळतो. विषय अर्थातच चाल. रुग्ण दारातून आत येऊन खुर्चीवर बसेपर्यंत सरांनी त्याचा आजार ओळखलेला असे. बसल्यानंतरची तपासणी ही त्याच्या समाधानासाठी. व्याख्यानात ते जोडीने फिल्मा दाखवत. पडद्याच्या डाव्या बाजूला रुग्ण, उजव्या बाजूला निरोगी माणूस, दोघांना तीच गुडघ्यापर्यंतची निळी चड्डी आणि तोच बिनबाह्यांचा सदरा, आणि दोघांचेही चेहरे पुसट केलेले. खाली पट्टी: ‘रुग्ण’ आणि ‘नॉर्मल’. वर्षानुवर्षं तो नॉर्मल म्हणजे सर स्वतःच. दुसरा शोधायचा कशाला, असं ते म्हणत. जुनी फिल्म फारच धुरकट दिसायला लागली म्हणून गेल्या आठवड्यात विभागाच्या लांब बोळात त्यांनी नवी काढून घेतली होती. सगळे आपापल्या दारांतून बघत होते. ती पण बघत होती. सर बोळाच्या टोकाला जाऊन वळले तेव्हा तिने आत होऊन दार लावून घेतलं होतं.

कात्री त्या आठवड्यात रजेवर होता.

पडद्यावर दोन माणसं चालू लागली. डावीकडच्याचा पाय फरशीवर आपटत होता. उजवीकडचा सरळ येत होता, जरा पुढे झुकून. त्याचा डावा हात मागेपुढे होत होता. उजवा कोपरात किंचित दुमडून अंगाला लागून राहिला होता, काखेत फाइल धरल्यासारखा. बोळाच्या टोकाला तो गर्रकन वळला नाही. छोटी छोटी पावलं टाकत, खोलीत कपाट सरकवतात तसा, तो वळला.

“सर, पट्टीत घोळ झालाय,” कात्री मागून म्हणाला. त्याच्या आवाजात मघाच्या अपमानाची परतफेड होती, आणि आपण बरोबर असल्याचा आनंदही होता. “उजवीकडचा नॉर्मल नाही. तोही पेशंट आहे. सुरुवात आहे, पण तो हात बघा, ते वळणं बघा. पहिल्या वर्षाचं पोर सांगेल. चुकून दुसऱ्याच आजाराची क्लिप लागलीय.”

अंधारात एकाचा चहाचा कप पायाने आडवा झाला, तो उचलायलाही कुणी वाकलं नाही.

“क्लिप बरोबर आहे,” सर म्हणाले.

“नाही पण सर, हा माणूस—”

“तो माणूस मी आहे.”

पडद्यावरचा माणूस तेवढ्यात पुन्हा बोळाच्या टोकाला पोचला आणि पुन्हा तसाच वळला. ती त्याच्याकडेच बघत राहिली. उभ्या असलेल्या खऱ्या माणसाकडे बघण्यापेक्षा ते सोपं होतं.

“मग... इथून नीट दिसलं नाही,” कात्री म्हणाला. त्याचा आवाज एकदम खाली बसला होता. “मागे बसल्यामुळे.”

“आणि सरांचा खांदा आखडलाय ना सध्या,” पुढच्या रांगेतून एक बाई घाईघाईने म्हणाल्या.

“खांदा, हो, खांदा,” दोनचार जण म्हणाले. खोलीने श्वास सोडला. सहा-आठ महिने झाले, हा खांदा विभागाच्या मदतीला धावून येत होता. सरांनी फळ्यावर लिहिणं बंद केलं, खांदा. गाडी चालवणं सोडलं, खांदा. आखडलेला खांदा म्हणून हाडांच्या डॉक्टरकडून शेकून आलेले किती रुग्ण प्रत्यक्षात आपले असतात, हे त्या खोलीतल्या प्रत्येकाला तोंडपाठ होतं. सरांनीच पाठ करून घेतलं होतं.

नियम नियम होता, त्यामुळे प्रत्येकाला खोट काढावीच लागली. एकाला फरशीचा रंग खटकला. दुसऱ्याला अक्षरं बारीक वाटली. तिसऱ्याने सुचवलं की निरोगी माणसाची क्लिप एवढी मोठी नको, दोन पावलं पुरे, लोकांना काय, निरोगी माणूस रोजच बघायला मिळतो. एका बाईंनी तर बोळातल्या झाडाच्या कुंडीला दोष दिला. माणसाच्या भुवईच्या केसावरून आजार ओळखणारी ही मंडळी, आणि सगळी डोळ्यांत तेल घालून कुंडी बघत होती.

तिची पाळी शेवटची. सरांनी तिच्याकडे मान वळवली. चेहरा पूर्वीइतका बोलका राहिला नव्हता. ते चिडलेत की कंटाळलेत हे आताशा ओळखता येत नसे.

“लांबलंय,” ती म्हणाली.

“माझ्या बहिणीला माझं सगळंच लांबलेलं वाटतं,” सर खोलीला म्हणाले. “नोकरीसुद्धा.”

ह्या वेळी हसू जरा मोठं झालं. सगळ्यांना त्याची फार गरज होती.

खोली रिकामी होत असताना कात्रीने तिला कॉफीच्या यंत्रापाशी गाठलं. त्याचा चेहरा उतरला होता.

“तुम्ही बोला त्यांच्याशी. हॉलभर आपलेच लोक बसलेले असणार. ते सर्वांसमोर स्टेजवर चालून दाखवणार आहेत, मॅडम. चालून.”

“मग बोल की. मघाशी बोललासच.”

“मला माहीत नव्हतं ते.”

“माहीत नव्हतं म्हणूनच खरं बोललास,” ती म्हणाली. “आता आम्हा सगळ्यांच्या पंगतीत आलास. बस गप.”

“तुम्ही घरच्या आहात. तुमचं ऐकतील.”

तिने कप यंत्राखाली धरला, बटण दाबायचं विसरली, आणि तसाच रिकामा कप घेऊन आपल्या खोलीत गेली.

घरच्या होती म्हणूनच तर अडलं होतं. आई एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारायला लागली, तेव्हा सगळं घर ‘वय झालं’ म्हणत होतं. दादा सगळ्यांत मोठ्याने म्हणत होता. एकदा जेवताना आईने आमटीची वाटी पुढ्यात असताना आमटी मागितली, आणि हिने सर्वांदेखत सांगून टाकलं की हे वय नाही, हा स्मृतिभ्रंश आहे, आणि इतक्या डॉक्टरांच्या घरात ते म्हणायला कुणाची जीभ उचलत नाही. आई ऐकत होती. दादाने ताट बाजूला सारलं होतं. तू माझ्या आईची केस केलीस, तो म्हणाला होता. पुढे ती बरोबर ठरली, आणि तेवढं मात्र कधी माफ झालं नाही. चूक ठरली असती तर एव्हाना दोघं हसलीही असती.

तिने वहिनीला फोन लावला.

“खांदा कसा आहे दादाचा?”

“शेकतेय मी,” वहिनी म्हणाली. मग आपणहून, “बटणांचे शर्ट बंद केलेत. डोक्यातून घालायचे आणलेत. त्यांना बरे पडतात.”

“वहिनी.”

“वन्सं, मी काही डॉक्टर नाही. मला काही विचारू नका.” तिचा आवाज कडक झाला. “ह्या व्याख्यानासाठी ते कसे झुरलेत ते मी बघितलंय. तेवढं होऊ दे. मग तुम्हाला काय बोलायचं ते बोला. आईंच्या वेळी बोललात, तेवढ्यावर ह्या घराची अजून पोटं भरलेली आहेत.”

फोन ठेवला गेला. तो वहिनीने ठेवला की आपण, हे तिला नंतर आठवेना.

दुपारी सरांनीच बोलावणं पाठवलं. ती गेली तेव्हा ते टेबलामागे बसले होते, उजवा हात मांडीवर, टेबलाच्या आड. दार लागलं तसे सर आणि मॅडम दोघंही खोलीबाहेर राहिले.

“कात्रीला तू शिकवलंस,” दादा म्हणाला.

“काय?”

“खुळा समजतेस का मला? त्याची टाप नाही. भर सोलणीत मला पेशंट म्हणायची त्याची टाप नाही. तुझ्याच मागे बसला होता, तुझ्या कानाला लागून.”

“तो माझ्या नावाने बोटं मोडत होता. तुझ्याही.”

“एवढी घाई झालीय तुला?” त्याने डाव्या हाताने एक पाकीट तिच्याकडे ढकललं. “हे बघ. समितीला राखीव वक्ता विभागातलाच लागतो. काही कारणाने मी उभा राहिलो नाही, तर व्याख्यान कोण देणार? तू. तुझंच नाव दिलंय मी. द्यावं लागलं. खूश? आता मला फक्त आजारी पाडायचं राहिलंय, ते काम तू लेक्चररला दिलंस.”

तिने पाकीट उघडलं नाही. तिला हे माहीत नव्हतं. त्या व्याख्यानासाठी तीही झुरली होती, हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं; स्वतःलासुद्धा आंघोळीच्या वेळीच काय ते सांगायची. एक क्षणभर तिला ते स्टेज दिसलं, आणि त्यावर उभी असलेली आपण. मग तिला स्वतःचीच इतकी चीड आली की तिने पाकीट होतं तिथे परत सरकवलं.

“माझं नाव काढ.”

“का?”

“नको मला. काढ.”

“माझं व्याख्यान वाचायलाही तुला लाज वाटते?” त्याचा आवाज चढला नाही, हल्ली चढतच नसे, सपाटपणेच खाली घसरायचा. “लहानपणी माझ्या वह्या चोरून वाचायचीस.”

“तेव्हा त्यांत वाचण्यासारखं असायचं. कात्रीचं नाव घाल.”

“तो चिंध्या करेल माझ्या भाषणाच्या.”

“करू दे. त्याचा ठपका माझ्यावर ठेव, मी सोसेन. पण माझं नाव नको. आत्ता फोन कर, माझ्यासमोर.”

“तू सांगशील आणि मी करीन?”

“दादा, तू मघाशी जे म्हणालास, ते मी उद्या तुला काहीही सांगितलं तरी म्हणणार आहेस. बहिणीला खुर्ची हवी, बहिणीला स्टेज हवं. म्हणणार आहेस ना?”

“म्हणणारच. तुझ्या बोलण्यात तुझं काय आहे, ते मी आधी बघणार. आईपासून शिकलोय.”

“म्हणून फोन कर.”

तो तिच्याकडे बघत राहिला. पापण्या फार वेळाने लवत होत्या. मग त्याने डाव्या हाताने रिसीव्हर उचलला, खांद्याने धरला आणि त्याच हाताने नंबर दाबले. एकदा चुकला. तिने मदत करायला हात पुढे केला आणि परत घेतला.

“मी बोलतोय,” तो समितीच्या चिटणिसाला म्हणाला. “राखीव नाव बदलायचंय. हो, बहिणीचं काढा... नाही, तब्येत उत्तम आहे तिची. कारण? कारण मला कळलेलं नाही, कळलं की कळवीन.” त्याने कात्रीचं नाव सांगितलं, ते तोंडात खडा आल्यासारखं. पलीकडून बहुधा खातरजमा झाली. “नाही, पुन्हा तिचं नाव घालायचं नाही. ह्या वर्षी नाही आणि पुढेही नाही. तसं लिहून ठेवा.”

हे शेवटचं तिने मागितलेलं नव्हतं. ते त्याने आपल्या पदरचं घातलं होतं, आणि घालताना तिच्याकडे बघत होता. तिने नजर वळवली नाही.

रिसीव्हर जागेवर बसायला दोनदा चुकला, मग बसला.

“झालं?” तो म्हणाला. “मिटलं तुझं दुकान. काही उरलं नाही तुझं ह्यात. आता सांग, एवढा अपमान कशासाठी केलास माझा?”

बाहेर बोळातून कुणाचीतरी चाकांची खुर्ची ढकलत नेल्याचा आवाज आला आणि लांब गेला. ती टेबलाला वळसा घालून त्याच्या बाजूला गेली. मांडीवरचा तो हात आता दिसत होता. अंगठा तर्जनीवर हळूहळू घासला जात होता, आपल्याच नादात, कुणाला न विचारता. तिने तो आपल्या दोन्ही हातांत धरला. तो थांबला. दादाने तो ओढून घेतला नाही.

“तुझा खांदा आखडलेला नाही,” ती म्हणाली. “तुला पार्किन्सन्स आहे, दादा.”